दोनशे तीस मीटरचं हेरिंग

खारवलेल्या हेरिंग माशांच्या बरणीच्या झाकणावर माझं अक्षर होतं.

सकाळचे आठ वाजले होते. डिसेंबरातले आठ, म्हणजे बाहेर काळोख. दुपारी बारालाही तोच काळोख असतो, त्यामुळे घड्याळावर विश्वास ठेवण्यापलीकडे या संशोधन केंद्रावरच्या आम्हा नऊ जणांच्या हातात काही नसतं. कायेतान आमचा स्वयंपाकी. त्यानं टेबलावर बरणी आपटली, झाकण फिरवून काढलं, आणि ते माझ्या ताटलीशेजारी पडलं. झाकणावर काळ्या मार्करनं लिहिलं होतं: २३० मी. त्यातला तीन वाकडा होता. असा वाकडा तीन उत्तर ध्रुवाजवळच्या या अख्ख्या बेटावर मी एकटाच काढतो.

"कायेतान," मी म्हटलं, "हे झाकण कुठलं?"

"बरणीचं."

"कुठल्या बरणीचं?"

"आधी खा. कांदा जास्त घातलाय, तुला आवडतो तसा."

मी खाल्लं नाही. रायफल खांद्याला लावली, कारण अस्वलांमुळे इथे शेजारच्या खोपटात जायलाही रायफल लागते, आणि थंड कोठाराकडे निघालो. किडे बघायला बंदूक घेऊन जाणारा मेकॅनिक जगात दुसरा नसेल.

कोठारात डॉक्टरबाईंच्या पंधरा बरण्या होत्या. एकही झाकण नव्हतं. प्रत्येकीच्या तोंडावर प्लॅस्टिक ताणून रबर लावलेलं. सुरेख, नीटनेटकं. कायेतान लग्नाचा रुखवत मांडावा तशा त्या मांडून गेला होता: दिसायला बऱ्या त्या पुढे, नुसता चिखल दिसतो त्या मागे.

मी तिथेच खोक्यावर बसलो.

डॉक्टरबाई म्हणजे बोग्ना प्लिश्का, समुद्रतळाच्या जिवांच्या अभ्यासक. वय सहासष्ट, उंची माझ्या खांद्याएवढी, आवाज बोटीच्या भोंग्याएवढा. वीस वर्षं दर ऑगस्टला त्या आमच्या खाडीत यायच्या आणि त्याच पाच जागांवर लोखंडी पंजा खाली सोडायच्या: दहा मीटर, पन्नास, शंभर, दीडशे आणि दोनशे तीस. पंजा तळाचा घास घेऊन वर यायचा. तो चिखल चाळणीत धुवायचा, राहतील ते प्राणी बरणीत, वर फॉर्मॅलिन, म्हणजे ते सडू नयेत म्हणून ओततात ते विष. प्रत्येक खोलीच्या तीन बरण्या. गेली बारा वर्षं पंजाचा दोर सोडणारं-ओढणारं यंत्र, विंच, मी चालवतो. नियम एकच. खोली पेन्सिलीनं चिठ्ठीवर लिहायची आणि चिठ्ठी बरणीच्या आत टाकायची. शाई विरघळते, पेन्सिल राहते. आणि झाकणावर कधीही काही लिहायचं नाही, कारण झाकण ही फिरणारी गोष्ट आहे.

हा नियम त्यांनी मला बारा वर्षांत शंभरदा सांगितला असेल. मी शंभरदा मान डोलावली.

या ऑगस्टला वारा सुटला होता. बोट अशी नाचत होती की विंचसुद्धा ओकेल असं वाटत होतं. माझी बोटं गारठून लाकूड झालेली, आणि पहिल्याच बरणीला पेन्सिल हातातून सुटली ती थेट समुद्रात. खिशात मार्कर होता. म्हटलं आत्ता झाकणावर लिहू, किनाऱ्यावर गेल्यावर चिठ्ठ्या टाकू. किनाऱ्यावर गेलो तर जनरेटर बंद. जनरेटर सुरू केला तोवर जहाज आलं. जहाजाच्या शिडीवर डॉक्टरबाई वळल्या आणि ओरडल्या, "मेकॅनिकसाहेब, चिठ्ठ्या टाकल्या ना?"

मी म्हटलं, "टाकल्या."

एवढंच खोटं. तेही उद्या खरं करणार होतो. मग ते उद्या उद्या करत सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, सूर्य गेला.

ऑगस्टच्या जहाजात जागा नव्हती, म्हणून बरण्या जूनच्या जहाजानं त्यांच्याकडे जायच्या होत्या. जानेवारीत बाई निवृत्त होणार. विसाव्या वर्षाचा हा शेवटचा माल. "निवृत्तीनंतर एवढंच काम ठेवलंय," त्या म्हणाल्या होत्या. "घरात बसून तुमचा चिखल निवडायचा. वीस वर्षं पूर्ण, मग वही बंद."

परत जाऊन मी कायेतानची गचांडी धरली. गोड शब्दांत.

"अरे, जहाजानं मला पन्नास बरण्या दिल्या आणि झाकणं दिली दुसऱ्याच मापाची!" तो म्हणाला. "माझं हेरिंग काय टोपी घालून ठेवू? तुझ्या बाईंची झाकणं अगदी बरोबर बसली."

"त्यात फॉर्मॅलिन होतं, गाढवा."

"उकळली मी! दोनदा. दुसऱ्यांदा तर व्होडका घालून. माझ्या स्वतःच्या वाटणीची होती ती."

"झाकणावर आकडे होते, ते नाही दिसले?"

"दिसले ना. मला वाटलं ग्रॅम असतील."

शेजारी आमचा प्रमुख क्सावेरी पाव खात होता. फॉर्मॅलिन हा शब्द ऐकून त्याचा घास तिथेच थांबला. आठवड्याभरात त्यानं चार बरण्या संपवल्या होत्या. त्यानं पाव खाली ठेवला, स्वतःची नाडी धरली, आणि पुढचे दोन दिवस ती सोडली नाही. रेडिओवरून हवामान सांगतानासुद्धा एक हात मनगटावर. "वारा ईशान्येचा, ताशी चाळीस, नाडी ब्याऐंशी," असं त्यानं एकदा मुख्य कचेरीला कळवलं. त्यांनी ते निमूटपणे नोंदवून घेतलं.

मला मात्र एकच प्रश्न होता. पंधरा बरण्या, पाच खोल्या, आणि कुठली कुठली ते कुणालाही माहीत नाही. बाईंना सांगायचं, की गुपचूप निस्तरायचं?

साहजिकच मी गुपचूप निस्तरायला बसलो.

प्रयोगशाळेत बाईंच्या जुन्या वह्या होत्या. एकोणीस वर्षांचे तक्ते: कुठल्या खोलीला कोण राहतं. म्हटलं, इंजिनाच्या आवाजावरून मी बिघाड ओळखतो, मग रहिवाशावरून पत्ता ओळखता येणार नाही? बरणी उघडायची, ताटात ओतायची, भिंगाखाली बघायचं, वहीशी ताडायचं.

पहिले तीन दिवस मला सगळे किडे सारखे दिसले. चौथ्या दिवशी एक किडा माझ्या मेव्हण्यासारखा दिसला, आणि तिथून गाडी रुळावर आली.

दहा मीटरच्या बरण्या सोप्या होत्या. हिमनग तळ खरवडत जातात ती जागा. तिथे टिकतो तो एक तर चिवट असतो, नाहीतर नुकताच आलेला. शेवाळाचे तुकडे, काटेरी गोळे, कोळंबीच्या पोरांसारखे वाकडे उड्या मारणारे. सगळी धांदल. बसस्थानकावर राहणारी माणसं. पन्नास मीटरला हिमनग पोहोचत नाहीत आणि वरून खाणं भरपूर पडतं, त्यामुळे तिथे गर्दी: शिंपले, किडे, खेकड्यांची भावंडं, एकमेकांच्या डोक्यावर बसलेली कुटुंबं. शंभर आणि दीडशेला चिखल मऊ होतो. तिथे ठिसूळ तारे म्हणतात ते लांब हातांचे, ताऱ्याच्या आकाराचे प्राणी पसरलेले, प्रत्येकाचा हात दुसऱ्याच्या हातापासून दूर. आणि तळाला, दोनशे तीसला, वाढपी येत नाहीत अशी पंगत. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली एक उंबरा आहे. हिवाळ्यात गोठणबिंदूला आलेलं पाणी त्या उंबऱ्याच्या आत खाली बसतं आणि उन्हाळाभर तसंच राहतं. बाहेरचं ऊबदार पाणी वरून येऊन जातं, खाली कुणी विचारत नाही. तिथे राहतात चिखलाच्या नळ्या करून आत बसणारे किडे आणि एक छोटा, नखाएवढा, हिरवट करडा शिंपला. फार जाती नाहीत. ज्या आहेत त्या थंडीच्या भरवशावर.

मला ते दोनशे तीसवाले आवडायला लागले. का ते सांगायला नको. आधी नुसता उन्हाळ्यापुरता यायचो; हिवाळा धरून राहायला लागल्यापासूनचा हा माझा सहावा. बायको तिसऱ्या हिवाळ्यात गेली, म्हणजे मेली नाही, मायदेशी श्चेचिनला गेली. मुलगी सणाला निरोपात नुसतं वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवते. या नऊ जणांत सहा जण तरुण, ते संध्याकाळी पडद्यावर फुटबॉल बघतात आणि मला "काका, गोल कुणी मारला सांगा" म्हणून चिडवतात. वर्षातून दहा दिवस बाई यायच्या आणि विंचजवळ उभ्या राहून विचारायच्या, "आज दोर कसा ऐकू येतोय?" दुसरं कुणी मला दोर कसा ऐकू येतो ते विचारत नाही.

सतरा दिवस मी त्या ताटांवर वाकून बसलो. कायेतान दिवसातून दोनदा कॉफी घेऊन यायचा आणि अपराधी चेहऱ्यानं उभा राहायचा.

"हा कोण?" त्यानं एकदा चिमट्यातल्या किड्याकडे बोट केलं.

"दीडशे मीटर."

"नाव काय?"

"लॅटिन आहे. तुला काय करायचंय?"

"माणसाचं झाकण घेतलं तर निदान नाव तरी माहीत असावं."

शेवटी हिशेब लागला. तीन, तीन, तीन, तीन, तीन. शंभर आणि दीडशेच्या दोन बरण्यांत थोडी मारामारी होती, पण ठिसूळ तारे मोजून मी न्याय केला. पंधरा चिठ्ठ्या लिहिल्या, पेन्सिलीनं, आणि माझा तीन वाकडा असतो म्हणून दोनशे तीसचा तीनही मुद्दाम वाकडा काढला. खरा वाटावा म्हणून! खरोखरच माझं असलेलं अक्षर मी नकली काढत होतो. चिठ्ठ्या आत टाकल्या. कायेतानकडून झाकणं सोडवून आणली. कुणाला कधी कळलं नसतं.

मग चोवीस डिसेंबर आला, नाताळच्या आदला दिवस. आमच्यात त्या दिवशी पहिला तारा दिसल्याशिवाय जेवायला बसत नाहीत. हा नियम ज्यांनी केला त्यांच्याकडे सूर्य होता.

"बाहेर बघून ये, तारा दिसतोय का," क्सावेरी म्हणाला.

"सकाळपासून दिसताहेत, साहेब."

"त्यातला पहिला कुठला?"

"पहिला नोव्हेंबरातच उगवला," कायेतान म्हणाला. "आपण दीड महिना उशिरा जेवतोय. माझं बीटचं सूप आटून चाललंय."

क्सावेरीनं विचार करून हुकूम काढला की चार वाजता जो तारा दिसेल तो पहिला. पावणेचारला ढग आले. मग नऊ माणसं जाकिटं घालून अंगणात, दोघांच्या खांद्याला रायफली, सगळ्यांची तोंडं वर. पाऊण तास कुणी हललं नाही. शेवटी कायेतान रेडिओच्या खांबावरच्या दिव्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तो बघा." सगळ्यांनी मान्य केलं आणि आत पळाले.

जेवणाच्या टेबलावरच्या चादरीखाली रीतीनं गवत ठेवतात, ते नव्हतं, म्हणून खोक्यांतली भुशाची पिशवी ठेवली होती, त्यामुळे सगळ्यांच्या ताटल्या एका बाजूला कलत होत्या. बारा पदार्थ लागतात. कायेताननं मोहरीची चटणी धरून बारा भरवले. आणि टेबलाच्या टोकाला, रीतीप्रमाणे, एक रिकामी ताटली आणि रिकामी खुर्ची. न बोलावता येणाऱ्या पाहुण्यासाठी. जवळचं गाव बर्फावरून दीडशे किलोमीटर आहे, तरी मांडतो. ती खुर्ची माझ्या शेजारी होती. दरवर्षी माझ्याच शेजारी येते, कसं कोण जाणे.

जेवणाआधी पातळ पांढरी पोळी मोडायची असते. एकमेकांची पोळी मोडून खायची, चांगलं चिंतायचं, वर्षभराचं काही टोचत असेल तर ते सांगून टाकायचं. कायेतान माझ्यासमोर आला. डोळ्यांत पाणी.

"लुडेक, झाकणांबद्दल माफ कर रे."

"केलं."

"बाईंना कळणार नाही ना?"

"नाही कळणार."

तेवढ्यात उपग्रहाचा फोन वाजला. क्सावेरीनं उचलला, ऐकला आणि माझ्याकडे दिला. "तुझ्या डॉक्टरबाई. लवकर आटप, मिनिटाला भाव आहे."

"मेकॅनिकसाहेब!" भोंगा वाजला. आमच्या फोनवर एक वाक्य बोललं की दोन सेकंद थांबावं लागतं, तेवढा वेळ तुमचा आवाज आभाळात असतो. "सणाच्या शुभेच्छा! मी एक पोळी घेऊन बसले आहे. तुमची तिथे मोडा, मी माझी इथे मोडते."

"मोडली, बाई."

"एक विचारायचं होतं. माझ्या बरण्या बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत."

"मग आता खरं सांगते. त्या तळाच्या तीन बरण्यांसाठी जीव अडकलाय माझा. तो छोटा करडा शिंपला, थंड पाण्याशिवाय जगत नाही तो. आठ वर्षं मी सांगते आहे की उंबऱ्यावरून ऊबदार पाणी आत घुसायला लागलंय आणि तो तळ सोडेल. आठ वर्षं लोक मला सांगताहेत की बाई, तुम्ही थकलात. या बरण्यांत तो तळाला नसला, वर कुठेतरी सापडला किंवा सापडलाच नाही, तर मी खरी. असला तर मी थकले. दोन्ही चालेल मला. पण कळायला हवं. उघडून नका बघू हं! मला स्वतःला बघायचंय."

बाईंचा आवाज संपला. माझी पाळी होती.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं मी सतरा दिवस काय केलं ते. करडा शिंपला ज्या तीन बरण्यांत होता त्यांवर मी दोनशे तीस लिहिलं. का? तर वहीत लिहिलं होतं की करडा शिंपला दोनशे तीसला राहतो. तो तळ सोडून दीडशेला गेला असता, तरी मी त्याला उचलून परत तळाला नेऊन बसवला असता. माझ्या हिशेबात कुणीही कधीही घर सोडू शकत नव्हतं. वर आणखी मुद्दाम वाकडा काढलेला तीन.

"हॅलो?" बाई म्हणाल्या. "गेला का आवाज?"

आठ जण माझ्याकडे बघत होते. सूप निवत होतं. फोनवर नुसतं "नाही उघडत, बाई" म्हटलं असतं तरी झालं असतं.

"बाई," मी म्हटलं, "चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या मी. ऑगस्टमध्ये. झाकणांवर लिहिलं होतं."

दोन सेकंद.

"झाकणांवर."

"हो. आणि झाकणं हेरिंगला लागली."

कायेताननं तोंडात मूठ घातली.

"किती बरण्यांची?"

"पंधरा."

"सगळ्या?"

"सगळ्या. मग मी तुमच्या वह्या बघून, प्राणी बघून, खोल्या ओळखल्या. चिठ्ठ्या टाकून ठेवल्यात. नीट जमलंय. शंभर-दीडशेत थोडा गोंधळ आहे."

 

"शिंपला सापडला?"

"सापडला. पण कुठून आला ते मला माहीत नाही. जिथे असायला हवा होता तिथे मी लिहिला."

"किती दिवस लागले तुम्हाला?"

"सतरा."

"सतरा दिवस तुम्ही एकटे बसून किडे ओळखत होतात?"

"हो."

मग एक आवाज आला. त्या हसल्या की काय ते उपग्रहावरून नीट कळत नाही. तो मधल्या हवेत आवाज असा दळून आणतो की हसणं, खोकणं आणि रडणं एकाच पोत्यातून निघतं.

"मी ओळखलं असतं?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाई."

"नाहीच. वीस वर्षं पूर्ण झाली म्हणून मी केक कापला असता." आणि पुढे म्हणाल्या, "त्या चिठ्ठ्या काढा. नवीन लिहा. 'खोली माहीत नाही' असं."

"पेन्सिलीनं?"

"पेन्सिलीनं, लुदोमीर."

बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला नावानं, तेही पूर्ण नावानं, हाक मारली. आणि आवाज गेला. त्यांनी ठेवला की उपग्रह डोंगराआड गेला, तेही कळायला मार्ग नाही.

"काय म्हणाल्या?" क्सावेरीनं विचारलं. त्याचा हात परत मनगटावर गेला होता.

"सूप घ्या म्हणाल्या."

मी बसलो. शेजारची ताटली एका बाजूला कलली होती, ती मी सरळ केली. कायेताननं मला हेरिंग वाढलं. मी सगळं खाल्लं. खरं सांगतो, चांगलं झालं होतं.

जानेवारीत बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या अहवालात विसाव्या वर्षाचा रकाना कोरा होता, खाली बारीक अक्षरात टीप: "या वर्षाचे नमुने खोलीअभावी बाद. कारण: हेरिंग." क्सावेरीनं ते छापून जेवणघरात चिकटवलं. पोरं आता मला काका म्हणत नाहीत, खोलीअभावी म्हणतात.

एप्रिलमध्ये बर्फावरून टपाल आलं. माझ्या नावाचं एक पार्सल होतं, सहा हिवाळ्यांतलं पहिलं. आत बारा पेन्सिली. प्रत्येकीला वरच्या टोकाला भोक पाडून दोरी बांधलेली, गळ्यात अडकवता येईल एवढी लांब. पत्र नव्हतं. मी खोका उलटा करून आपटला, अस्तराचा कागद सोडवला, अस्तराखाली बघितलं. नव्हतं.

जूनच्या जहाजानं माझ्या बदलीचा हुकूम आला होता. मी तो परत पाठवला, आणखी एक वर्ष राहतो म्हणून. कारणाच्या रकान्यात लिहिलं: विंच.

ऑगस्टमध्ये मी आणि कायेतान बोट घेऊन निघालो. बाई आल्या नाहीत, गुडघे चालत नाहीत त्यांचे, आणि आता त्यांचं ते कामही नव्हतं. कुणाचंच नव्हतं. कोऱ्या रकान्यानंतरचं वर्ष कुणी मागितलं नव्हतं. पाणी सपाट होतं. दहा, पन्नास, शंभर, दीडशे. कायेतान चाळण धरायचा आणि प्रत्येक झाकण दोन्ही हातांनी, देवळातून आणल्यासारखं माझ्यापुढे करायचा.

दोनशे तीसला दोर बराच वेळ सुटत राहतो. पंजा खाली टेकला की विंचचा आवाज खर्जातून एकदम हलका होतो, जड माणूस बाकावरून उठावा तसा. मी ऐकलं. शेजारी बघितलं. विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून मीच मोठ्यानं सांगितलं, "आज बरा ऐकू येतोय."

"काय?" कायेतान म्हणाला.

"काही नाही. चाळण धर."

पंजा वर आला. चिखल धुतला, उरलं ते बरणीत ओतलं. त्यात करडं काहीतरी चमकलं का, हे मला दिसलं असतं. पण ते बाईंना स्वतःला बघायचं होतं, म्हणून मी मान वळवून हिमनदीकडे बघत राहिलो. मग गळ्यातली पेन्सिल घेऊन चिठ्ठीवर लिहिलं, २३० मी., तीन आपोआप वाकडा आला, आणि चिठ्ठी आत टाकली. मग खबरदारी म्हणून तशीच दुसरी लिहिली, तीही टाकली.

झाकण लावलं. त्यावर काही लिहिलं नाही.